मदत हवी आहे: कुंभारी-सोलापूर सिटी बस कायम अनुदानावर न राहता चालेल असा प्रस्ताव कसा करावा?

नमस्कार मंडळी. कुंभारीच्या वसाहतींमधले आम्ही काही रहिवासी मिळून सिटी बसचा प्रस्ताव करतोय. निवेदनं देऊन झाली. "मार्ग तोट्यातला आहे" या एका वाक्यावर विषय संपतो. म्हणून या वेळी हिशेब घेऊनच जायचं ठरवलंय, आणि तिथेच गाडी अडली आहे.

बाहेरच्यांसाठी थोडं: शहरातून अक्कलकोट रोडने निघालं की आधी एमआयडीसी, पुढे कुंभारी. इथे आधीपासून विडी कामगारांचं 10,000 घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल आहे. शिवाय 30,000 घरांचं रे नगर. त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. विडी, यंत्रमाग, गारमेंट, बिगारी, सगळी रोजच्या कमाईची माणसं. घर इकडे आलं, पण काम, सिव्हिल हॉस्पिटल आणि पोरांचं कॉलेज शहरातच.

आता गणित. आकडे धरून चाललेले आहेत, चुकत असतील तर सांगा. किलोमीटरला खर्च 60 रुपये आणि एका बाजूचं अंतर 12 किमी धरलं, तर जाऊन-येऊन 1,440 रुपये. सरासरी तिकीट 20 रुपये धरलं की फेरीला 72 प्रवासी लागतात. सकाळी शहराकडे गाडी खच्चून भरेल, पण परत येताना? 32 सीटच्या गाडीत एकाच बाजूने 72 माणसं कोंबणार कशी? मला तरी सगळा तोटा या रिकाम्या परतीत दिसतो. शहरातून एमआयडीसीत कामाला येणारे लोक परतीच्या गाडीत बसवता आले तर निम्मी अडचण सुटेल, पण त्यासाठी वेळापत्रक कारखान्यांच्या शिफ्टवर बांधावं लागेल. आत्ता ते कशावर बांधतात, देव जाणे.

दुसरी अडचण एसटीची. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याची भरपाई सरकार महामंडळाला देतं. सिटी बसने पूर्ण तिकीट लावलं तर अक्कलकोटची एसटी सोडून आमच्या बायका हिच्यात का चढतील? उरलेले प्रवासी शेअर रिक्षावाले स्टॉपवरूनच उचलतात. त्यांच्याशी भांडण नाही, त्यांचंही पोट आहे.

करार कसला मागावा यावर आमच्यातच दोन तट आहेत. ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे दिले तर गाडी रिकामी पळाली तरी त्याचं काही जात नाही. तिकिटाचे पैसे त्यालाच ठेवू दिले तर दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या तो गुपचूप गाळणार. माझं मत असं की पहिल्या वर्षी ठरावीक रक्कम द्यावी, ती दरवर्षी कमी करत न्यावी, आणि फेरी गाळली की दंड. इंदूरला 2006 पासून खाजगी गाड्या, पासचे पैसे आणि जाहिराती यांची सांगड घातली होती, तेवढं वाचलंय.

आता विचारायचं ते:

कारखान्यांनी कामगारांचे मासिक पास घाऊक घेतले, असं इचलकरंजी, कोल्हापूर किंवा नाशिककडे कुठे झालंय का? मालक तयार कसे झाले, आणि पासचे पैसे पगारातून कापले की मालकाने भरले?

आणि परिवहनमध्ये नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर एवढंच सांगा: एका मार्गाचा फेरीनिहाय तिकीट हिशेब माहिती अधिकारात मागायचा तर अर्जात नेमकं काय लिहावं? नुसतं "उत्पन्न" लिहिलं तर अख्ख्या डेपोचा आकडा हातात ठेवतील.