गाडीच्या पुढून खट-खट येतेय, कुणाला अनुभव आहे का?

बी-३०४ (शुक्रवार, रात्री ९:१२)
नमस्कार सोसायटीकर मंडळी. बाबांच्या गाडीतून तीन आठवडे झाले, पुढून खट-खट आवाज येतोय. २०११ ची पेट्रोल गाडी, १ लाख १८ हजार किमी झालेत. गॅरेजवाल्यांनी शॉकअप गेलेत म्हणून पुढचे दोन्ही बदलले, ९ हजार घेतले. आवाज तसाच आहे. आता म्हणतायत स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदलू. गणपतीला आईबाबांना घेऊन ताम्हिणीतून श्रीवर्धनला जायचंय. घाटात काही झालं तर, या विचाराने झोप नाही.

ए-१०१
डिकीत जॅक किंवा स्टेपनी ढिली नाही ना? आमच्याकडे तेच निघालं होतं.

बी-३०४
सगळं बाहेर काढून चालवून पाहिली दादा. आवाज पुढून डावीकडूनच येतो. आई त्या सीटवर बसते, तिला पायाखाली जाणवतो.

ए-६०३
चढावर वरच्या गिअरमध्ये ओढताना येत असेल तर इंजिन नॉकिंग (पेट्रोल आत अवेळी पेटून होणारी खडखड) असेल. पेट्रोल बदलून बघा.

सी-१०२
अरे, रॅकला इतक्यात हात लावू देऊ नकोस. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं. एकेक भाग बदलत आवाज शोधायला गेलं की खिसा रिकामा होतो. आधी खाली जा आणि चाकांचे नट पान्याने बघ. शॉकअप बदलताना चाकं काढली होती. नट ढिले राहिले असतील तर बाकीच्या गोष्टींना अर्थ नाही.

बी-३०४ (९:४१)
बघून आलो काका. सगळे घट्ट आहेत.

सी-१०२
छान. आता मला आवाजाची नीट हकीकत हवी. गाडी उभी ठेवून रेस दिलीस तर येतो का? तसा आला तर तो इंजिनचा किंवा इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचा. आतून जड ठोके ऐकू आले तर ऑइल बघ आणि गाडी चालवूच नकोस. चालत्या गाडीत ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर थांबत असेल तर ब्रेक पॅड, नाहीतर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे घेताना कट-कट आली तर चाक फिरवणाऱ्या एक्सलचा जॉइंट. आणि मुख्य म्हणजे, स्पीडब्रेकरवर येतो की खड्ड्यात? उद्या शेजारी कुणाला तरी बसव. तू रस्ता बघ, ऐकायचं काम त्यांना दे.

बी-२०१
सर्वांना सूचना: उद्या १० ते १ टाकी साफ होणार आहे, पाणी भरून ठेवा.

बी-३०४ (शनिवार, सकाळी ८:५०)
काका, बाबांना घेऊन फिरून आलो. उभ्या गाडीत रेस दिली, काही नाही. ब्रेकने फरक नाही, वळवतानाही नाही. गंमत म्हणजे गेटच्या स्पीडब्रेकरवरून सरळ नेली तर गाडी गप्प. पण बाहेर ड्रेनेजचं खचलेलं झाकण आहे ना, त्यात फक्त डावं चाक गेलं की ठक! चार वेळा केलं, चारही वेळा आला. बाबा म्हणाले, हाच तो.

सी-१०२
मग शोध बराच आटोपला. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. दोन्ही चाकं एकदम वर गेली की तो नुसता फिरतो, त्याच्यावर जोर येत नाही. एकच चाक उचललं की त्याला पीळ बसतो आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या टोकाच्या लिंक रॉडवर ताण येतो. लिंक रॉडचा छोटा बॉल जॉइंट झिजला असेल तर नेमका तेव्हा वाजतो. तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पार्ट आणायचा नाही. उद्या गॅरेजला मी येतो. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली तू शिरू नकोस.

बी-३०४ (रविवार, दुपारी १:२०)
सापडला! गाडीचं वजन चाकांवर ठेवून काकांनी लिंक रॉड हाताने हलवायला लावला. डाव्याच्या जॉइंटचं रबर फाटून आत माती गेली होती, हाताला खेळ (ढिलेपणा) स्पष्ट लागत होता. लिफ्टवर लोंबकळत्या चाकांत तोच घट्ट वाटत होता, म्हणून आधी कुणाला कळलं नाही. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरीसकट १,७०० रुपये. येताना मुद्दाम त्या झाकणावरून आणली. आवाज नाही!!

ए-६०३
वा! मग रॅकचं काय?

बी-३०४
रॅक ठणठणीत आहे. पण डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशला, म्हणजे त्याच्या रबरी सांध्याला, चिरा दिसल्या.

सी-१०२
ते गणपतीआधी करून घे, घाटात जायचंय. एवढं सांभाळ: बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. चाकं लोंबकळत असताना आवळला तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट (दिशा जुळवणं) करून घे. १०० किमी झाल्यावर चाकांचे नट परत एकदा बघ.

बी-३०४
नक्की काका. बुधवारी टाकतो गाडी. संध्याकाळी आई चहाला बोलावतेय तुम्हाला आणि काकूंना.

सी-१०२
येतो. बाबांना सांग, त्यांचा कान चांगला आहे.