पावसात पळण्याचे तुमचे अनुभव सांगा

रंकाळाकाठ
लेकीचे शाळेचे बूट चिंब भिजून आले म्हणून मघाशी पेपरचे बोळे करून आत कोंबत होते. ओल्या कॅनव्हासचा तो कुबट वास नाकात गेला आणि कोल्हापूरचं हॉस्टेल आठवलं. जुलैत ग्राउंडचा राडा झाला की सर आम्हाला रंकाळ्यावर न्यायचे. पहाटेचा अंधार, वरून संततधार, आणि कुणी कुरकुर केली की ठरलेलं वाक्य, "मिठाच्या आहात काय गं विरघळायला?" तळ्यातला दगडी संध्यामठ पाण्यात बुडालेला असायचा, नुसता वरचा भाग दिसायचा.

पहिली दहा मिनिटं जीव नको व्हायचा. बुटात पचपच, केसांतून पाणी थेट डोळ्यांत. मग एकदा सगळं भिजून झालं की भिजायचं काही उरायचंच नाही, आणि पाय सुटायचे. नंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्या उभ्या धारोष्ण दूध, वर फेस. आम्ही निथळत आलो की पैलवान मंडळी न बोलता बाजूला सरकून जागा द्यायची.

आता पुण्यात ढग आले की ट्रेडमिल. तुम्ही पळता का पावसात? लिहा. पडल्याचे किस्सेही चालतील.

टेकडीवाला
वेताळ टेकडी!! जुलै ऑगस्टमध्ये दुसरीकडे पळणं पाप आहे. खाणीत पाणी साठलेलं, मोर ओरडतायत, आणि एरवी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून फिरणारे सगळे घरी झोपलेले.
पण उतरताना जपून. ओल्या कातळावर मुरमाची बारीक खडी आली की ब्रेकच लागत नाही. पावलं बारीक टाका, टाच आपटू नका. खरं तर टेकडीपेक्षा खाली सोसायटीतले पेव्हर ब्लॉक जास्त डेंजर, शेवाळ धरतं. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं पण.

मुंबैची_मी
पट्ट्यांबद्दल +१. मी मरीन ड्राइव्हला पळते. पावसाळ्यात आधी भरतीचं टाइमटेबल बघायचं, मग बूट घालायचे. साडेचार मीटरच्या वरची भरती असली की लाटा कट्ट्यावरून आत येतात, सोबत चपला, बाटल्या, सगळा आपणच टाकलेला कचरा परत. पोलीस शिट्ट्या मारून हाकलतात आणि बरोबरच करतात. काही महाभाग तिथेच सेल्फी काढतात. त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

नुसताच_वाचक
मी पावसात पळतो. ऑफिस ते स्टेशन. रोज.

मुंबैची_मी
@वाचक, ८.१४ साठी का? मग तुम्ही आमच्यापेक्षा फास्ट असणार.

नुसताच_वाचक
८.०७. सँडलवर.

आठशेवाली
इथं समदे हौशी दिसायलेत. आमच्याकडं पाऊस म्हणजे भरती. २०२४ ला पोलीस भरतीचं मैदानी १९ जूनला सुरू झालं, ऐन पावसाच्या तोंडाला. पोरांना १६००, आम्हा पोरींना ८०० मीटर. वर्षभर आम्ही गावाबाहेरच्या डांबरी रोडवर पळलेलो, पायाखाली टणक लागायची सवय. आणि तिथं गेलो तर ट्रॅकवर लाल चिखल. आदल्या रात्री पाऊस झालेला. माझ्या बॅचच्या पोरींनी बूट काढून कडेला ठेवले आणि अनवाणीच उभ्या राहिल्या, बोटं रुतवली की पकड बसती म्हणून. मी पण काढले. शेवटच्या वळणावर पुढची पोरगी घसरली, मी तिच्यावरून उडी मारून गेले, मागं बघितलं नाही. ते अजून डोक्यात हाय. ती उठून पळाली आणि माझ्या मागोमाग आली, एवढं मला कळालं.
छातीवरचा नंबर चिखलानं दिसंना, तर मॅडमनी स्वतःच्या रुमालानं पुसला.

रंकाळाकाठ
बाई गं. आठशेवाली, झालं का सिलेक्शन?

आठशेवाली
लेखीत दोन मार्कांनी गेलं ताई. आता पुढच्याची तयारी. बूट काढायची प्रॅक्टिस पण करते लागलीच.

टेकडीवाला
सलाम. आमचं हजारो रुपयांच्या बुटांचं कौतुक बंद करतो.

काळजीवाहू_आई
सगळं ठीक आहे पण सर्दी नाही होत का? आमच्या सासूबाई तर मुलाला पावसात गॅलरीत पण जाऊ देत नाहीत.

वैद्यबुवा_नव्हे
सर्दी विषाणूमुळे होते, नुसतं भिजून नाही. तरी ओल्या कपड्यांत गारठत गप्पा मारत उभं राहू नका, घरी जा, कोरडे व्हा. खरी भीती साचलेल्या पाण्याची. उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला जखम असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) होऊ शकतो. मुंबईत पालिका दर पावसाळ्यात सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. आपल्या मनाने मेडिकलमधून आणू नका. आणि पाण्याखाली रस्ता दिसत नसेल तर पळूच नका, झाकण उघडं असेल तर संपलं.
अजून एक. पाऊस पडतोय म्हणून पाणी प्यायचं विसरतात लोक. दमट हवेत घाम वाळत नाही, पण जातो तेवढाच.

काळजीवाहू_आई
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, डॉक्टर नाही असं त्यानं स्वतःच नावात लिहिलंय.

वैद्यबुवा_नव्हे
हाहाहा. आजी जिंकल्या.

यवतेश्वर
सातारा हिल हाफ मॅरेथॉन कुणीच लिहिली नाही अजून? यवतेश्वरचा घाट, अर्धी वाट चढ, परत तीच वाट उतार. वर धुकं इतकं की पुढच्याचा टी-शर्ट दिसत नाही, नुसते बूट ऐकू येतात. मध्येच कुठूनतरी ढोल सुरू होतो आणि अंगावर काटा. चढाला सगळे रडतात, पण मांड्या जातात त्या उताराला. दुसऱ्या दिवशी एसटीच्या पायऱ्या उलट्या उतरलो, कंडक्टर बघत बसला.
आणि पुरुष मंडळींनो, छातीला व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी. ओला टी-शर्ट काय करतो ते पांढऱ्या टी-शर्टवर लाल दिसतं. इथे बायका मुलं आहेत म्हणून एवढंच.

टेकडीवाला
पांढऱ्यावर लाल... अनुभवी दिसताय.

पश्चिमवारा
आम्ही तेव्हा बॉस्टनजवळ राहायचो. १६ एप्रिल २०१८ ची मॅरेथॉन, न्यूटनच्या चढावर बघायला उभे होतो. आपला पाऊस निदान कोमट असतो हो! तिथे जेमतेम तीन-चार डिग्री, समोरून वारा, पाऊस आडवा. मोठमोठे धावपटू अर्ध्यात सोडून गेले. जिंकला कोण, तर जपानचा युकी कावाउची, शाळेच्या ऑफिसात पूर्णवेळ नोकरी करून पळणारा. बायकांत डेझिरी लिंडेन, ३३ वर्षांनी अमेरिकन बाई जिंकली. तिचं स्वतःचंही त्या दिवशी सोडून द्यायचं चाललेलं. तिच्याच देशाची धावपटू शॅलेन फ्लॅनागन मध्येच टॉयलेटला थांबली तर ही तिच्यासाठी रेंगाळली, तिला पुढच्या घोळक्यापर्यंत आणून सोडलं. आणि शेवटी हीच पहिली.
आम्ही घरून थर्मासमधून आल्याचा चहा नेला होता. एका पळणाऱ्या काकांनी कप घेतला आणि दोन्ही हातांत धरून नुसते उभे राहिले. प्यायलेच नाहीत.

रंकाळाकाठ
किती छान. बूट वाळवायचं कुणी सांगा की आता, उद्या परत शाळा आहे.

यवतेश्वर
सुकतळा काढून वेगळा. लेस सैल. बोळे तासाभराने बदला आणि पंख्याखाली आडवे. हेअर ड्रायर नको, डिंक सुटतो.

मुंबैची_मी
आमच्याकडे पेपर बंद केला, मोबाइलवर वाचतो. बोळे कशाचे करू?

नुसताच_वाचक
रद्दीवाल्याकडून विकत आणा. मी आणली. त्याने तीनदा विचारलं, "घ्यायचीय की द्यायचीय?"

कोकणखेकडा
आमच्या रत्नागिरीत पहिल्या पावसात रस्त्यावर खेकडे येतात. पळायला निघालो होतो, पिशवी आणायला परत घरी. त्या दिवशीचं रनिंग तेवढंच.

काळजीवाहू_आई
कालवण केलंत का सुकं?

कोकणखेकडा
कालवण. पाय वाटून, गाळून त्याच रसात. तिरफळं मात्र नाही घालत आम्ही, ती बांगड्याला.

आठशेवाली
आम्ही भज्यावालेच बरे. ओव्याची पानं दारातच हायत.

काळजीवाहू_आई
पानांच्या भज्यांना तांदळाचं पीठ किती घालतेस गं?