ग्रहाची सर्वांत गरम जागा पूर्वेला का सरकते?

निशाचर_एमएस्सी: प्रोजेक्टसाठी एचडी १८९७३३ बी या सूर्यमालेबाहेरच्या वायुग्रहाच्या वातावरणाचं त्रिमितीय मॉडेल चालवतेय. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे, फेरी २.२ दिवसांची. मग सगळ्यात गरम जागा ताऱ्याच्या बरोब्बर खाली यायला हवी ना? माझ्या नकाशात ती पूर्वेला सरकलीय. कोड गंडलाय का?

वाऱ्यावरची_वरात: अहो, तसंच यायला हवं! विषुववृत्तावरचा वारा पूर्वेकडे सुटतो, वेग सेकंदाला किलोमीटरच्या घरात. तापलेली हवा उष्णता बाहेर टाकून निवायच्या आतच तो तिला पुढे ओढून नेतो. शोमन आणि गियो या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मॉडेलवरून हे सांगितलं होतं, आणि २००७ मध्ये हेदर नटसन यांच्या गटाने स्पिट्झर दुर्बिणीने नेमक्या याच ग्रहावर ते टिपलं. आधी गणित, मग दुर्बीण. मला तर हा क्रमच भारी वाटतो.
पण एक तपासा: वरचे थर पटकन स्थिरावतात, खोलवरचे (जिथे दाब १० बारपेक्षा, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या साधारण दहापटीपेक्षा, जास्त) फार रेंगाळतात. तिथलं तापमान अजून बदलत असेल तर मॉडेलचा रन संपला असं मानू नका. आणि कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण जोर) टिकतोय ना, तेही बघा. गाइड हेच आधी विचारतील.

कोपरखळी: कोरो-२ बी हा असाच दुसरा ग्रह विसरलात. तिथे गरम जागा पश्चिमेला दिसली. ढग? चुंबकीय क्षेत्र? एकमत नाही.

निशाचर_एमएस्सी: माझ्या मॉडेलमध्ये ढगच नाहीत 😅

वाऱ्यावरची_वरात: सध्या नकोतच. आधी खालचे थर स्थिरावू देत.