विषय: मुलगी इंग्लंडात कब होती, आता गोव्यात काय करू?

प्रेषक: म्हापशाहून (पूर्वी स्विंडन)

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

परत येऊन सात महिने झाले, तरी या ईमेल-यादीतून आमचं नाव काढलेलं नाही आणि काढणारही नाही. आज विचारायचं आहे ते मुलीबद्दल. ती नऊ वर्षांची. स्विंडनला दर गुरुवारी संध्याकाळी कबच्या, म्हणजे लहान वयाच्या स्काऊटांच्या, पॅकला जायची. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिने विचारलं, ‘आई, इथला गुरुवार कुठे?’

शाळेत चौकशी केली. स्काऊट-गाईड आहे म्हणाले, पण पाचवीपासून. जे सर ते बघायचे ते निवृत्त झाले. आता २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला गणवेश घालून मुलं संचलनाला उभी राहतात, एवढंच. शाळेला मी दोष देत नाही, शिक्षकांवर किती कामं असतात ते दिसतं. सासरे म्हणाले, ‘पथक म्हणजे मास्तर. मास्तर मिळाला तर पथक, नाही तर नाही.’

हे असंच असतं का? आम्ही दोन-चार पालकांनी मिळून काही सुरू करता येतं का? आपल्या यादीवर फोंड्याचे सर आहेत, त्यांनी वेळ काढून लिहिलं तर उपकार होतील.

•

प्रेषक: फोंड्याहून, सर

ताई, नमस्कार.

तुमचे सासरे म्हणतात ते मी स्वतः एकोणीस वर्षं खरं मानलं. म्हणून सविस्तर लिहितो.

मी शाळेत शिक्षक होतो. पथक माझं होतं, आणि ‘माझं’ हा शब्द मी तेव्हा अभिमानाने वापरायचो. दोर, तंबू, झेंडा, प्रथमोपचाराची पेटी, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली माझ्या खिशात. मुलं स्काऊटच्या पायऱ्या चढत तृतीय सोपानापर्यंत जायची, काही त्यापुढच्या राज्य पुरस्कारापर्यंत गेली. मी निवृत्त झालो जूनमध्ये. गणेश चवथीच्या सुटीपर्यंत पथक बंद पडलं होतं. पुढल्या वर्षी शाळेत गेलो तर ट्रंक जिन्याखाली, दोरांना बुरशी. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि चूक शाळेची नव्हती, माझी होती. एकोणीस वर्षांत मी दुसरा माणूस तयार केला नव्हता.

आधी रचना सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठून धरायचं ते कळेल. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाली. त्याआधी आपल्याकडे वेगवेगळ्या स्काऊट संघटना होत्या. १९०९ साली बंगळुरात पहिलं पथक निघालं ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती, म्हणून ॲनी बेझंटबाईंनी आणि पंडित मदनमोहन मालवीयांनी वेगळ्या चळवळी उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर त्या एकत्र आल्या, आणि १९५१ च्या १५ ऑगस्टला गाईड्सही आल्या. पण एक झाल्यावरही मुलग्यांचे आणि मुलींचे विभाग वेगळेच राहिले. पाच ते दहा वयाचे मुलगे कब, मुली बुलबुल. दहानंतर स्काऊट आणि गाईड, सतरापर्यंत. पुढे रोव्हर आणि रेंजर, पंचविशीपर्यंत. तुमच्या लेकीला आत्ता बुलबुलच्या फ्लॉकमध्ये जायचंय आणि वर्षभराने गाईड व्हायचंय. बुलबुल हा आपल्या गोव्याचा राज्यपक्षी, हे तिला जरूर सांगा.

आता मुद्दा. पथक शाळेचंच असावं लागतं असं नाही. शाळेशी जोडलेले ग्रुप बहुसंख्य असतात हे खरं, पण वाड्यावर, गावात, कुठल्याही शाळेतल्या मुलांसाठी ‘ओपन ग्रुप’ काढता येतो. पणजीला राज्य संघटनेकडे नोंदणी करायची, आणि जो मोठा माणूस चालवणार त्याने प्रशिक्षण घ्यायचं. सात दिवसांचा बेसिक कोर्स असतो, निवासी. तो केल्याशिवाय सुरुवात करू नका. सात दिवस तुम्ही स्वतः संघात राहता, स्वतः चूल मांडता, स्वतः गाठ चुकता. मुलाला काय वाटतं ते तिथे कळतं. पुढे ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. गळ्यात चामड्याच्या दोरीला दोन लाकडी मणी असलेला एखादा स्काऊटर तुम्हाला दिसला तर समजा की त्याने तो टप्पा पार केलाय. ती प्रथा इंग्लंडातल्या गिलवेल पार्कवर १९१९ साली सुरू झाली.

मुलींच्या विभागाला बाईच प्रमुख लागते. म्हणून ताई, मास्तर शोधू नका. तुम्हीच उभ्या राहा. आणि एकट्या राहू नका. पहिल्या दिवसापासून बरोबरीची दुसरी बाई पाहिजे. मदतनीस नव्हे, बरोबरीची. तिलाही कोर्सला पाठवा, शक्य तर एकत्रच जा. यात मुलांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे: एकटा मोठा माणूस आणि मुलं अशी गाठ कुठल्याही कार्यक्रमात पडू द्यायची नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर शाळा याबाबत सावध झाल्या, वाड्यावरच्या ग्रुपनेही तेवढंच सावध असायला हवं.

आता मुलं कशी चालवतात ते. लोक इथेच गफलत करतात. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली, त्यांत श्रीमंत शाळांतली होती तशी कामकऱ्यांचीही होती, आणि त्यांची चार संघांत वाटणी केली: कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ, बुल. प्रत्येक संघाला एक मुलगाच नायक. या चळवळीचा गाभा तोच आहे. गणवेश, शिट्टी, झेंडा नंतरचं. सहा ते आठ मुलांचा संघ, त्याचा संघनायक, त्याच्या हाताखाली उपसंघनायक. संघनायकांची बैठक असते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पुढच्या महिन्यात काय करायचं, कोणी शिस्त मोडली तर काय, पैसे कशावर खर्चायचे, हे तिथे ठरतं. स्काऊटमास्तर त्या बैठकीत बसतो, पण सल्ल्यापुरता. मी माझ्या शाळेत ती बैठक घेत होतो, आणि सगळे निर्णय मीच सांगत होतो. मुलं ‘हो सर’ म्हणत होती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गावात ओपन ग्रुप काढला तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही: ट्रंकेच्या तीन किल्ल्या करून घेतल्या. एक माझ्याकडे, एक गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे, ती आमची गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, आणि एक दर महिन्याला वेगवेगळ्या संघनायकाकडे. गवा, मोर, धनेश आणि बिबटा असे चार संघ. पहिल्या महिन्यात एक किल्ली हरवली. कुलूप बदललं, पद्धत तीच ठेवली.

संघनायक आठवीतला असावा, दहावीतला नको. नववीच्या मध्यापासून ट्यूशन सुरू होते आणि मुलगा शनिवारी दिसेनासा होतो. दर वर्षी नेमका उपयोगाचा झालेला मुलगा हातातून जातो. म्हणून सातवीतला उपसंघनायक नेमायचा आणि वर्षभर त्याच्याकडून निम्मं काम करून घ्यायचं. नववी-दहावीच्या मुलांना मात्र पाठवून देऊ नका. परीक्षा झाल्यावर एप्रिल-मे मध्ये ती हक्काने परत येतात, तेव्हा शिबिराची जबाबदारी त्यांच्यावर टाका.

काय शिकवायचं याची चिंता नको, गोव्यात शिकवणारे पावलोपावली आहेत. आमच्या मुलांना क्लोव्ह हिचची गाठ एका पाडेल्याने, म्हणजे नारळ पाडणाऱ्याने, शिकवली. तो माडावर चढायला पायात दोर अडकवतो, ते बघून मुलांच्या डोळ्यांत जे आलं ते माझ्या फळ्यावरच्या चित्राने एकोणीस वर्षांत आलं नव्हतं. चवथीआधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांचं, सामान ओळखण्याची चढाओढ लावतो: कवंडळं, माट्टीची फळं, आंबाडे, सुपारीचं शिपटं. झाडाचं नाव, कुठे उगवतं, कशाला वापरतात. मुळासकट काही उपटायचं नाही आणि एका वेलीवरून सगळं काढायचं नाही, हा नियम संघनायकांनीच केला. चवथीच्या आदल्या बाजारात हेच सामान विकून आमच्या मुलांनी दोन तंबू घेतले. पालकांकडे वर्गणी मागितली असती तर तंबू आले असते, पण ते त्यांचे झाले नसते.

राहायला जागा लागते ती देवळाची अग्रशाळा. समितीला वेळेत पत्र द्या, झाडून-पुसून परत करा, पुढल्या वेळी ती आपणहून विचारतात. सहलीला आमच्याकडून खांडेपारची जांभ्यात कोरलेली लेणी चालत जाण्यासारखी, आणि मोठ्या मुलांना तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ. पावसात एक गोष्ट मात्र अजिबात नको: चिरेखाणीत साठलेलं पाणी. वरून उथळ दिसतं, खाली सरळ कडा असतो. आमच्या ग्रुपमध्ये पावसाळ्याच्या पहिल्या शनिवारी हा एकच विषय असतो.

देव बरें करूं.

•

प्रेषक: स्विंडनहून

सर, तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. मी इथे चार वर्षं स्काऊटच्या सेक्शनला, म्हणजे वयोगटाला, आहे, त्यामुळे दोन शब्द.

ताई, तुम्ही इथे असताना गुरुवार दिसला, पण त्यामागचं बहुधा दिसलं नसेल. इथे ग्रुपची मालमत्ता, हॉल, बँक खातं हे सेक्शन चालवणाऱ्याकडे नसतं, विश्वस्त मंडळाकडे असतं, त्यात पालकच. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी, म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांची सरकारी पडताळणी. कितीतरी ग्रुपांत मुलांची प्रतीक्षायादी असते, आणि त्याचं कारण जागा नाही हे नसून मोठी माणसं नाहीत हे असतं. आमच्या ग्रुपने त्यावर उपाय केला तो असा की मूल भरती करतानाच आई-बापांना विचारायचं: महिन्यातून एक संध्याकाळ, की हिशेब, की गाडी? ‘काहीच नाही’ हे उत्तर चालत नाही.

सर, माझा एक मतभेद आहे. तुम्ही ‘दुसरा माणूस’ म्हणता, मला वाटतं दोन पुरत नाहीत. दोघेही आजारी पडू शकतात, दोघांचं बिनसू शकतं. पालकांची यादी पाळीने लावा. इथे कबच्या प्रमुखाला अजूनही बरेच जण ‘अकेला’ म्हणतात, मोगलीच्या कथेतल्या म्होरक्या लांडग्यावरून. इथल्या मुलांना त्याचा अर्थ माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे. मला तो शब्द दर आठवड्याला खटकतो.

•

प्रेषक: फोंड्याहून, सर

भाऊ, ‘अकेला’चं मला कधी सुचलं नव्हतं. आज दिवसभर तेच डोक्यात आहे.

पालकांची पाळी मान्य, पण थोडी दुरुस्ती. सामान, गाडी, जेवण, हिशेब यांत पालक हवेतच, आणि पैसा एकाच्या हाती नको हे तर अगदी बरोबर. आम्ही ते आता करतो. पण दर शनिवारी वेगळा पालक मैदानावर आला की तो मुलांना सूचना द्यायला लागतो. आई-बाप समोर असले की संघनायक मागे सरतो, स्वतःच्या आईसमोर तर हमखास. म्हणून आमच्याकडे पालक मैदानाच्या कडेला, चहाच्या बाजूला. आत फक्त दोघे, आणि त्यांच्या मागे तयार होत असलेला तिसरा. तो तिसरा मी आता आमच्याच जुन्या मुलांत शोधतो. पहिल्या तुकडीतला बिबट्याचा संघनायक आता रोव्हर आहे, बांबोळीला नर्सिंग शिकतो. प्रथमोपचार तोच घेतो, आणि माझ्यापेक्षा चांगला घेतो. गेल्या महिन्यात मला ताप होता, मी गेलो नाही. संध्याकाळी कोणाचा फोनही आला नाही. म्हणून मीच केला, तर म्हणाला, ‘सर, झालं सगळं, ट्रंक बंद केली.’

•

प्रेषक: म्हापशाहून

सर, भाऊ, दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ते गप्प बसले, मग म्हणाले, शनिवारचा चहा माझ्याकडे.

वाड्यावरच्या देवळाच्या पटांगणात परवा पहिल्यांदा जमलो. अकरा मुली. शेजारच्या वहिनी बरोबरीने उभ्या राहायला तयार आहेत, त्यांनी कोर्ससाठी रजेचा अर्जही देऊन टाकला. दोघींचीही नावं राज्य संघटनेकडे विचारायला दिली आहेत. कोर्स होईपर्यंत फक्त खेळ, गाणी आणि झाडं ओळखणं, गणवेश नाही. पेटी घेतली, किल्ल्या दोन. तिसरी मुलींना गाईड झाल्यावर.

एक विचारायचं राहिलं. गाठींसाठी दोर कसला घेऊ? घरात काथ्याचं सुंभ भरपूर आहे.

•

प्रेषक: फोंड्याहून, सर

सुंभ नको, लहान हातांना टोचतं आणि गाठ नीट बसत नाही. सुती दोर, करंगळीएवढा जाड, प्रत्येकीला दोन मीटर. टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्याने बांधून घ्या, आणि ते काम मुलींनाच करायला द्या.