मदत हवी आहे: सांगली-मिरजेत चांगले समुपदेशक

माझी धाकटी बहीण दिल्लीत निर्वासित कुटुंबांसोबत काम करते. अफगाण, रोहिंग्या, म्यानमारचे चिन लोक. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, कार्ड असलं तरी शाळाप्रवेश, भाडेकरार, सगळंच अडतं. मग ही सोबत धावते. दिवसभर त्यांनी सोसलेलं ऐकते आणि रात्रभर जागी असते. दिवाळीला मिरजेला आली, तर फोन वाजला की दचकायची. आई म्हणते नोकरी सोड. मला ते पटत नाही, तिचा जीव त्या पोरांत गुंतलाय.

महिनाभर ती इथेच आहे. अशा कार्यकर्त्यांसोबत काम केलेलं कुणी माहीत आहे का? मराठीत बोलणारं हवं, तिथे सगळं हिंदीतच बोलावं लागतं तिला. कृपया मेसेज करा.