राजगड ते तोरणा पळत : पाणी आणि वाट?

रानवाट_पुणे : रस्त्यावर हाफ मॅरेथॉन पळते. डिसेंबरात राजगड-तोरणा डोंगरधार पळायचीय. पाणी कुठे? वाट चुकते का?

मावळा७८ : ताई, सलग पळणं विसरा. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाज्याची चढण उभी आहे, तिथे चालाच. खरी मजा पुढे. राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरलात की तोरण्याची धार. कारवीच्या रानात वाट मऊ आहे, तिथे पाय मोकळे सोडा. पण गुरांच्या वाटा फुटतात, तेव्हा धारेचा माथा सोडू नका. पाणी राजगडावरच भरून घ्या, धारेवर भरवसा नाही. निदान तीन लिटर. (इलेक्ट्रॉलची पुडी मी कमरेलाच बांधतो, बायको हसते.) मध्ये डांबरी रस्ता आडवा जातो. दम संपला असेल तर तिथूनच तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडे वळा, त्यात कमीपणा नाही. तोरण्याच्या बुधला माचीखालचा कातळ दमलेल्या पायांनी चढू नये. तोरणा १४०३ मीटर आहे, शेवटी जीव काढतो.

रानवाट_पुणे : बूट रस्त्याचेच चालतील?

मावळा७८ : नाही हो! तोरण्याच्या बिनी दरवाज्याकडून वेल्ह्याला उतरताना घसारा (सुटी माती-खडी) आहे. खोल नक्षीचा तळवा हवा.

सह्यभटक्या : अन् एकटीने नको. सोबत बघा.