चुकीचा कौल देणारं मन: ऐकलं तरी पाप, मोडलं तरी पाप?

बावखल: फ्रान्झ येगरश्टेटर. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंडचा शेतकरी, गावच्या चर्चची देखभाल करणारा. हिटलरच्या युद्धात बंदूक उचलणं पाप, असं त्याच्या मनानं घेतलं. खुद्द लिंझच्या बिशपांनी समजावलं: घरी बायको, तीन मुली, युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं तुझं काम नव्हे. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला शिरच्छेद झाला. २००७ मध्ये त्याच कॅथलिक चर्चनं त्याला 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. माझं मत सरळ आहे: सद्सद्विवेकबुद्धीचा कौल मोडणं हेच पाप. बिशपांचं ऐकून सैन्यात गेला असता तरी सुटला नसता.

खडूस: शेवट माहीत असला की बोलणं सोपं. कितीतरी भाविक पोरं कर्तव्य म्हणून, स्वच्छ मनानं त्या सैन्यात गेली. त्यांचाही कौल पवित्र का? बायबलमध्ये संत पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही. झोपलेलं मनही टोचत नाही हो.

बावखल: ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस १३व्या शतकातच सांगून गेलाय, चुकलेलं मनसुद्धा बांधतं, म्हणजे त्याचा कौल मोडता येत नाही. ख्रिस्तावर विश्वास ठेवणं चांगलंच. पण ज्याच्या बुद्धीला ते वाईट वाटतं, त्यानं तरीही विश्वास ठेवला तर तो पाप करतो! लिहिणारा संन्यासी आहे, लक्षात घ्या. (आपल्याकडच्या धर्मांतराच्या वादात हे दोन्ही बाजूंना झेपायचं नाही.)

खडूस: अक्वायनसच्याच ग्रंथातलं पुढचं कलम वाचा की. बांधतं, पण दरवेळी दोषातून सोडवत नाही. परक्या बाईला चुकून आपली बायको समजला, तर माफ. पण परस्त्रीकडे जाणं योग्यच, असं मनानं घेतलं तर माफी नाही, कारण देवाची आज्ञा ठाऊक असायलाच हवी होती. उदाहरण त्याचं, माझं नाही! म्हणजे ऐकलं तरी पाप, मोडलं तरी पाप.

बावखल: कोंडी नाही ती. तिथेच तो म्हणतो, चूक टाकून देता येते, कारण ते अज्ञान दूर होण्याजोगं असतं. येगरश्टेटरनं वेगळं काय केलं? फादरांना विचारलं, बिशपांना विचारलं. उत्तर पटलंच नाही, तर ते पाळायचं कसं?

माजघर: दोघं कलमं काढत बसलात, त्याच्या बायकोचं, फ्रान्झिस्काचं नाव कुणी घेतलं नाही. शेत तिनं सांभाळलं, गावाचे बोल तिनं खाल्ले, युद्धानंतर पेन्शनही काही वर्षं अडलं. कौल त्याचा, भोग तिचे.

बावखल: तिनं आधी त्याचं मन वळवून पाहिलं, ताई. मग ठामपणे पाठीशी उभी राहिली. तो तिचाही कौल होता.

माजघर: असेल. पण त्या तीन मुलींना कुणी विचारलं?